कसाऱ्याचा घाट आणि चारी चाकांची मोटार

सह्याद्रीचा कडा कोंकण आणि देश यांच्यामध्यें भिंतीसारखा उभा आहे. त्या भिंतींत निसर्गानें जीं मोजकीं दारें ठेविलीं, त्यांपैकीं थळघाट हें एक मोठें दार होय. सोपारें आणि कल्याण या प्राचीन बंदरांतून नाशिककडे जाणारा व्यापारी मार्ग याच घाटानें चढत असे. पुढें लोहमार्ग आला, मुंबई-आग्रा रस्ता आला, आणि अगदीं अलीकडे समृद्धि महामार्गहि याच डोंगरास येऊन भिडला. घाटाच्या पायथ्याशीं, ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत, कसारा हें गांव आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांचें या दिशेचें तें शेवटचें स्थानक. पुष्कळ वाचकांनीं कसाऱ्याचें नांव केवळ गाडीच्या पाटीवर वाचलें असेल; तेथें उतरण्याचें कारण त्यांस क्वचितच पडलें असेल. आम्हांस तें सन 2025 च्या श्रावणांत पडलें. तें कारण म्हणजे एक मोटार, हें ऐकून आमच्या समवयस्कांस थोडें हंसूं येईल.

प्रकरण असें. आमचा भाचा नाशिकजवळ सातपूर येथें यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचा लहानसा कारखाना चालवितो. कामानिमित्त दर आठवड्यास त्याची मुंबईस खेप होते. आणि महिन्यांतून एकदां त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, डोळ्यांच्या उपचारासाठीं त्याच्याबरोबर जाते. जुनी गाडी काढून टाकावी आणि एक फार वेगवान मोटार घ्यावी, असें त्याच्या मनानें घेतलें. बहिणीनें आम्हांस दूरध्वनीवरून सांगितलें, "दादा, तो तुझं ऐकेल. एकदां ती गाडी डोळ्यांनीं पाहा आणि काय तें सांग." भाच्याच्या मित्रांपैकीं एकाजवळ ती गाडी होती, दुसऱ्याजवळ तिची प्रतिस्पर्धी म्हणावी अशी दुसरी होती, आणि तिसरा मित्र या विषयाचा व्यासंगी होता. सर्वांनीं नाशिकहून खालीं यावें, आम्हीं कल्याणहून लोकलनें जावें, आणि कसाऱ्यास भेटून घाट चढून-उतरून पाहावा, असा बेत ठरला.

ती मोटार म्हणजे बी. एम. डब्ल्यू. या जर्मन कंपनीची एम 340 आय एक्सड्राइव्ह. 10 मार्च 2021 रोजीं ती भारतांत विक्रीस आली. जुळणी चेन्नईच्या कारखान्यांत. त्या वेळची किंमत 62 लाख 90 हजार रुपये. आमच्या उभ्या नोकरीचा पगार एकत्र केला तरी तींत या गाडीचीं चाकें तेवढीं आलीं असतीं. दिसावयास ती चार दारांची सभ्य सेडान आहे. पोटांत मात्र एका रांगेंत सहा सिलिंडरांचें, सुमारें तीन लिटरांचें टर्बो इंजिन आहे. त्याची शक्ति 387 अश्वशक्ति सांगितली गेली, आणि उभ्या जागेवरून ताशीं 100 किलोमीटर वेग गांठण्यास 4.4 सेकंद. "श्रीगणेशाय नमः" म्हणून संपण्याच्या आंत काम उरकलें म्हणावयाचें!

दुसरी गाडी स्कोडा कंपनीची ऑक्टेव्हिया आर. एस., सन 2020 मध्यें भारतांत अवघ्या 200 आणल्या गेल्या त्यांपैकीं एक. तिचें इंजिन दोन लिटरांचें, तेंहि टर्बो, परंतु ओढण्याचें काम केवळ पुढच्या दोन चाकांकडे. आमच्या त्या फेरीनंतर 17 ऑक्टोबर 2025 रोजीं हिची नवी आवृत्ति आली. तिच्याहि 100 च गाड्या आल्या आणि किंमत 49 लाख 99 हजार होती. म्हणजे शौकिनांपुढें प्रश्न सरळ उभा राहतो: दोन चाकांनीं ओढणारी हलकी गाडी बरी, कीं चारी चाकांनीं ओढणारी, अधिक जड आणि अधिक महाग गाडी बरी?

आम्ही कसाऱ्यास पोहोंचलों तेव्हां मंडळी यावयास अवकाश होता. तेवढ्यांत फलाटावर बसून आम्हीं जें पाहिलें, त्यानें या प्रश्नाचें अर्धें उत्तर दिलें. कसाऱ्यापर्यंत लोहमार्ग सन 1861 मध्यें आला आणि पुढें इगतपुरीपर्यंतचा घाट सन 1865 मध्यें खुला झाला. या दोन स्थानकांमध्यें सुमारें 300 मीटरांची चढण असून कांहीं ठिकाणीं ती 37 मीटरांस 1 मीटर इतकी उभी आहे. मोटारीस हा चढ किरकोळ; परंतु पोलादी रुळावर पोलादी चाक धांवतें तेथें पकड फार थोडी, म्हणून मुख्य मार्गांवरील कठीण चढांत याची गणना होते. यासाठीं कसाऱ्यास गाडीच्या मागें बहुधा दोन किंवा तीन इंजिनें जोडतात आणि तीं गाडीस इगतपुरीपर्यंत रेटीत नेतात. रेल्वेचे लोक त्यांस 'बँकर' म्हणतात. पुढचें एक इंजिन बलवान नसतें असें नव्हे. पण शक्ति कितीहि असली तरी ती रुळावर टेकविण्यास चाकें पुरेशीं पाहिजेत. सन 2019 मध्यें याच मार्गानें मुंबई-दिल्ली राजधानी गाडी सुरू झाली, तेव्हां बँकर जोडण्याचा वेळ वाचावा म्हणून तिला पुढें एक आणि मागें एक अशीं इंजिनें लावण्यांत आलीं. पुढच्या आणि मागच्या दोन्ही टोकांनीं जोर लावण्याची ही युक्ति, आणि भाच्याच्या मनांत भरलेल्या मोटारीची युक्ति, तत्त्वतः एकच.

ही कल्पना या घाटास जुनीच आहे. सन 1930 च्या सुमारास येथें वीज खेळूं लागली. त्या काळीं मालगाड्यांसाठीं आणलेलीं डब्ल्यू. सी. जी. 1 वर्गाचीं लांब नाकाडाचीं इंजिनें जुन्या लोकांस आठवत असतील. त्यांच्या विचित्र आवाजांमुळें लोकांनीं त्यांस 'खेकडा' असें नांव दिलें होतें. त्यांच्या सहाहि आंसांवरचीं चाकें ओढणारीं होतीं, नुसता भार वाहणारें चाक एकहि नव्हतें. एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत जपून ठेवलेला आहे. या वर्गाचीं पहिलीं इंजिनें स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या गांवीं घडलीं. आणि टर्बोचा जनक आल्फ्रेड ब्यूखी हाहि त्याच विंटरथूरचा. सन 1905 मध्यें त्यानें आपल्या कल्पनेचें पेटंट घेतलें. चारी चाकें आणि टर्बो या दोन गोष्टी एकत्र आणून मोटारींच्या शर्यतींचें स्वरूप पालटलें तें आउडी कंपनीच्या 'क्वाट्रो' गाडीनें, सन 1980 पासून. पुढें जपानच्या मित्सुबिशी आणि सुबारू या कंपन्यांनीं तीच विद्या घरगुती सेडानींत उतरविली.

ज्या भगिनींस यंत्रविद्येचा कंटाळा येतो त्यांच्यासाठीं टर्बो म्हणजे काय तें घरगुती भाषेंत सांगतों. लोहाराच्या भात्यास हात लावावा लागतो. समजा, भट्टींतून निघणाऱ्या धुरानेंच तो भाता हलविला, तर? इंजिनांतून वाया जाणाऱ्या तप्त वायूनें एक लहानसें चक्र फिरतें, त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें. हवा अधिक म्हणून इंधन अधिक जळतें, आणि तेवढ्याच इंजिनाचा जोर वाढतो. चारी चाकांचें तत्त्व तर त्याहून सोपें. संस्कृतांत गाडीच्या जुंवास 'धुर्' म्हणतात आणि तें वाहणाऱ्या बैलास धुरंधर. साध्या मोटारींत दोन चाकें धुरंधर असतात आणि दोन नुसतीं बरोबर चालतात. या गाडींत चारी धुरंधर. एरवीं बहुतेक जोर मागच्या जोडीकडे असतो; ती घसरूं लागली, किंवा घसरेल असा अंदाज आला, कीं डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत पुढच्या जोडीकडे वाढवून दिला जातो.

मंडळी आली. स्थानकाबाहेर चहा घेतां घेतां वाद रंगला, आणि तो ऐकण्यासारखा होता. बी. एम. डब्ल्यू.चा धनी म्हणाला, "गुरुजी, वेगाचं सोडा. सहा सिलिंडर एका रांगेंत असले कीं इंजिन कसं लोण्यासारखं फिरतं, तें एकदां अनुभवा. आणि पावसांत हिच्याइतकी निर्धास्त गाडी मीं चालविली नाहीं." ऑक्टेव्हियावाला हंसून म्हणाला, "निर्धास्त आहे खरी, पण मुकी आहे. माझी गाडी बोलते. रस्ता निसरडा झाला कीं पुढचं चाक आधीं कुरकुरतं, स्टीअरिंग हाताला हलका झटका देतं, आणि मी सावध होतों." तिसरा, व्यासंगी गृहस्थ, दोघांवरहि नाराज. त्याच्या मतें जुन्या लान्सर इव्होल्यूशनसारखी गाडी आतां होणें नाहीं. आजच्या गाड्या जड झाल्या, क्लच गेला, गिअर बदलण्याचें सुख गेलें, स्टीअरिंग विजेवर चालूं लागल्यापासून रस्त्याची वार्ता हातापर्यंत पोहोंचेनाशी झाली, आणि कित्येक गाड्यांत इंजिनाचा आवाजसुद्धां ध्वनिवर्धकांतून काढतात! भाच्याची शंका व्यवहाराची होती. गाडी जमिनीलगत, टायरांची कड बारीक. गांवोगांवचे गतिरोधक आणि पावसाळ्यांतील खड्डे यांच्याशीं तिचें कसें जमेल? आमच्या बहिणीनें सर्वांचें ऐकून घेतलें आणि विचारलें, "हें सगळं चालविणाऱ्याचं झालं. मागं बसणाऱ्याला काय?" या प्रश्नावर तिन्ही शौकिनांची क्षणभर दांतखिळी बसली. आमच्या मतें त्या दिवशींचा तो सर्वांत मोलाचा प्रश्न होता.

आम्ही आणि बहीण बी. एम. डब्ल्यू.मध्यें मागें बसलों; भाच्यानें ऑक्टेव्हिया घेतली व ती पुढें ठेविली. पाऊस भुरभुर येत होता. कड्यांवरून पांढऱ्या धारा उतरत होत्या आणि दऱ्यांतून ढग वर चढत होते. मालमोटारी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्यें कण्हत चालल्या होत्या. एका वळणाच्या अलीकडे रांग थांबली आणि पुन्हां सुटली, तेव्हां समोरच्या ऑक्टेव्हियाचीं पुढचीं चाकें क्षणभर जागच्या जागीं गरगर फिरलीं आणि मग गाडी हलली. यांत त्या गाडीचा दोष नाहीं. चढावर भार मागें सरतो, पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि ओढण्याचें सगळें काम त्यांच्याचकडे असतें. आमची गाडी मात्र देव्हाऱ्यांतील निरांजन न हालतां पाट उचलावा तशी निघाली. वरच्या मोकळ्या टप्प्यावर धन्यानें एकदांच पाय दाबला. पाठ आसनाला चिकटली, आणि त्याच क्षणीं त्यानें पाय काढलाहि. 387 अश्वांचें दर्शन तेवढेंच. पण त्या दर्शनांत जी एक बालसुलभ हौस आहे ती आम्हांसहि समजली, आणि ती समजत नाहीं असा आव वडील माणसांनीं आणूं नये.

घाटमाथ्यावर घाटनदेवीचें दर्शन घेतलें. येथें एक लहान गोष्ट आमच्या नजरेस पडली. रस्त्याच्या कडेला एक ठाकर बाई शेगडीवर कणसें भाजीत बसली होती. खालून जोराच्या इंजिनाचा आवाज आला कीं ती न पाहतां टोपली दोन हात मागें ओढी, आणि गाडी निघून गेली कीं पुन्हां पुढें सारी. गाडी कोणत्या कंपनीची, किती चाकें ओढतात, याचा तिला पत्ता नव्हता. या घाटाच्या आजूबाजूला ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. शौकिनांचें जें क्रीडांगण, तें या लोकांचें अंगण आहे.

मग उतार लागला. चढतांना जो फरक दोन गाड्यांत डोळ्यांनीं दिसला होता, तो उतरतांना कोठें दिसेना. एका वळणापलीकडे मालमोटार जवळजवळ उभीच होती. दोन्ही गाड्यांनीं ब्रेक दाबले, दोहोंच्या ब्रेकखालीं चाकें न अडकूं देणाऱ्या यंत्रणेचा तोच खरखराट झाला, आणि दोन्ही गाड्या सारख्याच मंदपणें थांबल्या. आमची तर भारानें जड म्हणून अधिकच प्रयासानें. आमची बहीण म्हणाली, "चढतांना पोटांतलं पाणी हललं नाहीं, उतरतांना मात्र देव आठवला." आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें, पण इतक्या थोड्या शब्दांत असा सिद्धांत क्वचितच मांडला असेल.

त्या सिद्धांताची उपपत्ति अशी. चाक रस्त्यास जेथें टेकतें, ती जागा तळहाताएवढी. तेवढ्या जागेंत पकडीचा जो सांठा असतो, त्यांतूनच ओढणें, वळणें आणि थांबणें हे तिन्ही खर्च भागवावयाचे. चारी चाकांनीं ओढलें म्हणजे ओढण्याचा खर्च चौघा भावांत वांटला जातो. घरांतील सांठा मात्र त्यामुळें वाढत नाहीं. आणि ब्रेक तर प्रत्येक मोटारीस चारी चाकांनाच असतात. म्हणून थांबण्याच्या बाबतींत साठ लाखांची गाडी आणि सहा लाखांची गाडी यांच्यांतला न्याय टायर, भार आणि वेग हेच करतात. ओढणाऱ्या चाकांची संख्या तेथें साक्षीलाहि उभी राहत नाहीं. चारी चाकांच्या गाडीचा खरा धोका तिच्या गुणांतच आहे. साधी गाडी निघतांनाच घसरून सांगते कीं रस्ता ओला आहे. ही सांगत नाहीं. चालविणारा कोरड्या रस्त्याच्या भरंवशावर वेग धरतो, आणि रस्ता ओला असल्याची वार्ता त्यास प्रथम ब्रेकच्या वेळीं मिळते, तेव्हां उशीर झालेला असतो. ऑक्टेव्हियावाल्याचा 'मुकी' हा शब्द या अर्थानें अगदीं बरोबर आहे. आणि दुसऱ्या बाजूस, बी. एम. डब्ल्यू.च्या धन्यानेंहि हें प्रांजळपणें मान्य केलें. तो म्हणाला, "म्हणूनच मी पावसांत पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतों, आणि टायर पुरते झिजायच्या आधीं बदलतों." ज्यास आपल्या गाडीचा गुण आणि त्या गुणाची उणीव दोन्ही ठाऊक, तो खरा शौकीन.

लोहमार्ग बांधणाऱ्यांनीं हें ज्ञान दीडशें वर्षांपूर्वींच ओळखलें होतें. चढाची सोय त्यांनीं केली, पण त्यांची खरी चिंता उताराची. उताराच्या गाडीचे ब्रेक घाटांत शिरण्यापूर्वीं तपासले जातात. वाटेंत ठिकठिकाणीं चढावर नेऊन सोडलेले बगलेचे रूळ आहेत, आणि सांधा एरवीं त्यांच्याचकडे वळविलेला असतो. गाडी आपल्या ताब्यांत आहे हें चालकानें थांबून सिद्ध केलें, तरच तिला खालचा मार्ग मिळतो; बेलगाम आली तर ती त्या बगलेंत चढून आपोआप थांबावी अशी योजना. मोटारीच्या रस्त्यावर ही परीक्षा घेणारा कोणी नसतो. तेथें चालकानें स्वतःच परीक्षक व्हावें लागतें.

आतां कोणी म्हणेल कीं हा घाटाचा प्रश्नच मागें पडला. 5 जून 2025 रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा 76 किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचा 701 किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. कसाऱ्याजवळ तो सुमारें 8 किलोमीटरांच्या जुळ्या बोगद्यांतून डोंगर पार करतो. वळणें नाहींत, कडा नाहीं, समोरून येणारी गाडी नाहीं. भाच्यानेंच हा मुद्दा काढला. पण मग प्रश्न उलटा फिरतो. त्या मार्गावर सपाटीला मोटारीस मर्यादा ताशीं 120 किलोमीटर, आणि एवढा वेग तर कोणतीहि बरी मोटार गांठते. तेथें 387 अश्वांतले बहुतेक तबेल्यांत झोंपलेलेच राहणार. ते जागे करावयाचे तर जुना घाट उरतो, आणि तो घाट एस. टी., दुचाक्या, मालमोटारी व कणसें विकणारी ती बाई यांचा आहे. ज्यांस वेगाची तहान खरोखर भागवावयाची असेल त्यांच्यासाठीं कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें धांवपट्टी आहे, ग्रेटर नोएडास सन 2011 पासून बुद्ध सर्किट आहे. तेथें प्रत्येक वळणास मोकळी जागा ठेवलेली असते आणि वळणावर टोपली घेऊन कोणी बसलेलें नसतें.

भाच्यास आम्हीं नको म्हटलें नाहीं, घे असेंहि म्हटलें नाहीं. पैसा त्याच्या घामाचा आहे, आणि हौस म्हणजे पाप नव्हे. आम्हीं त्यास तीन गोष्टी सांगितल्या, आणि ज्या घरांत अशा मोटारीचा विचार चालला असेल त्या प्रत्येक घरास त्या सांगाव्याशा वाटतात. पहिली, ही गाडी पारखावयाची तर चढावर पारखूं नये, ओल्या उतारावर पारखावी, आणि तेव्हां चाक हातांत न धरतां मागच्या आसनावर बसावें. दुसरी, चारी चाकांसाठीं जे अधिक लाख मोजावयाचे, त्यांतला थोडा अंश दर दोन-तीन वर्षांनीं चांगल्या टायरांसाठीं बाजूस काढून ठेवावा. ती तयारी नसेल तर चारी चाकांचा खर्च व्यर्थ आहे. तिसरी, घाट उतरतांना गिअर खालचा ठेवून इंजिनासच गाडी आवरूं द्यावी, ब्रेक प्रसंगासाठीं राखावे, आणि पुढच्या गाडीपासूनचें अंतर गाडीच्या किंमतीप्रमाणें ठेवूं नये, पावसाप्रमाणें ठेवावें.

बहिणीनें आपली एक अट वर घातली. गाडी कोणतीहि घे, पण जिच्या मागच्या आसनावर बसून मला जपाची माळ ओढतां येईल अशी चालव. त्यावर ऑक्टेव्हियावाला म्हणाला कीं ही कसोटी कोणत्याहि मोटार-मासिकानें आजवर लावलेली नाहीं. लावावी, असें आमचें मत आहे.